त्रेचाळीस मते

आमच्या शिक्षकांच्या पतपेढीच्या निवडणुकीत मी तीन मतांनी पडलो, त्याला यंदाच्या दिवाळीत चार वर्षे झाली. शंभर मतांनी पडलो असतो तर केव्हाच विसरलो असतो. पण तीन! आणि नीट पाहिले तर तीनही नव्हेत. दोनच माणसे इकडची तिकडे झाली असती तरी मी निवडून आलो असतो. ती दोन माणसे कोणती, याचा तपास मी अंथरुणावर पडल्या पडल्या कितीतरी रात्री केला आहे. ज्यांनी मला पाडले ते आमच्याच शाळेतले भूगोलाचे मास्तर. पंधरा वर्षे मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकांच्या डब्यातले खाल्ले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून मी माझा डबा वाचनालयाच्या खोलीत नेऊ लागलो.

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. तो क्वालालंपूरला नोकरीला असतो. माझी ही कर्मकथा ऐकून तो हसला अन् म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारखेच एक गृहस्थ तिकडे आहेत. फक्त त्यांचे पंतप्रधानपद गेले!" मग त्याने मला कू लींची हकीकत सांगितली, अन् परत गेल्यावर वाचायलाही पुष्कळ काही पाठवले. इंग्रजीशी माझी ओळख मॅट्रिकपुरती. तेव्हा कोश उशाशी घेऊन मी ते वाचले.

पुरे नाव तेंकू रझाली हमजा. लोक लाडाने कू ली म्हणतात. जन्म 1937 सालचा, केलांतानच्या राजघराण्यातला. बेलफास्टला अर्थशास्त्र शिकून आलेल्या या तरुणाने आधी बँक बुमिपुत्र सांभाळली. (बुमिपुत्र म्हणजे आपला भूमिपुत्रच! मलय भाषेत मंत्र्याला मेंतेरी म्हणतात अन् पंतप्रधानाला पेर्दाना मेंतेरी. वाचताना परक्या गावात आजोळचे माणूस भेटावे तसे मला झाले.) 1974 साली मलेशियाने कायदा करून देशातल्या तेलाची मालकी पेट्रोनास या राष्ट्रीय कंपनीकडे दिली, तेव्हा तिचे पहिले प्रमुख हेच. तोवर तेल परदेशी कंपन्यांनी काढायचे अन् देशाने स्वामित्वधनावर समाधान मानायचे, असा रिवाज होता. तो मोडण्याचे काम सदतीस वर्षांच्या या माणसावर आले. क्वालालंपूरचे ते 452 मीटर उंचीचे जुळे मनोरे पुढे याच कंपनीच्या नावाने उभे राहिले. 1976 ते 1984 कू ली अर्थमंत्री होते, नंतर व्यापार व उद्योगमंत्री. आता पंतप्रधानपद तेवढे उरले होते.

तिकडे त्या काळी अम्नो या पक्षाचा जो अध्यक्ष, तोच देशाचा पंतप्रधान, अशी वहिवाट होती. अध्यक्ष होते महाथीर मोहम्मद. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मालाचे भाव पडले, धंदे मंदावले, पक्षात कुरकुर सुरू झाली. अन् 24 एप्रिल 1987 रोजी कू लींनी, मंत्रिमंडळात असतानाच, आपल्याच पंतप्रधानांविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. मते मोजली. महाथीर 761, कू ली 718.

त्रेचाळीस मते! मी लगेच पेन्सिल घेतली. बावीस माणसे इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. बावीस म्हणजे आमच्या शाळेतले सगळे शिक्षक, दोन शिपाई अन् एक कारकून. तेवढ्यांनी एका देशाचा पुढचा सोळा वर्षांचा पंतप्रधान ठरवला.

कू लींनी मंत्रिपद सोडले. त्यांच्या गोटातल्या काहींनी निवडणुकीतल्या घोटाळ्यांबद्दल फिर्याद केली, तर 1988 च्या फेब्रुवारीत न्यायालयाने काही शाखांची नोंदणी झाली नसल्याचे कारण देऊन अख्खा पक्षच बेकायदा ठरवला! भांडणाऱ्या भावांचे घरच कोसळावे तसे झाले. महाथीरांनी नवा अम्नो उभा केला, अन् कू लींनी निराळा पक्ष काढला. त्याचे नाव 'सेमांगात 46', म्हणजे मूळ पक्ष ज्या साली जन्मला त्या 1946 सालची जिद्द. 1990 च्या निवडणुकीत त्यांनी मित्रपक्षासह केलांतानातली विधानसभेची एकूण एक जागा जिंकली. पण देशभर पराभव झाला. मतदानाच्या तोंडावर सबाह प्रांतात त्यांनी तिथल्या कादाझान लोकांचे मानाचे शिरोभूषण डोक्यावर चढवले, अन् त्यावरची नक्षी क्रूसासारखी दिसते असे म्हणून त्याचे छायाचित्र मलय मुसलमान मतदारांपुढे नाचवण्यात आले. पाहुण्याने यजमानाचा फेटा बांधला, एवढाच अपराध!

मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबरीत हा नायक असता तर मी त्याला इथेच संन्यास दिला असता, किंवा शेवटच्या प्रकरणात सिंहासनावर तरी बसवले असते. प्रत्यक्षात 1996 साली कू लींनी आपला पक्ष मोडला अन् ते अम्नोत परत गेले. ज्याने हरवले त्याच्याच हाताखाली, साधे खासदार म्हणून! 1987 साली त्यांच्याच गटात असलेले अब्दुल्ला बदावी नव्या पक्षात गेले नव्हते. ते 2003 साली पंतप्रधानही झाले. 2004 साली कू लींनी अध्यक्षपदासाठी पुन्हा उभे राहू पाहिले, तर त्यांचे नाव सुचवणारी शाखा फक्त एक निघाली. ती त्यांच्या गुआ मुसांगची. 'मलेशियाला न लाभलेला उत्तम पंतप्रधान' असे त्यांना म्हणण्याची तिकडे पद्धत आहे. असल्या स्तुतीने पोट भरत नाही, हे मी पतपेढीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

मला राहून राहून नवल वाटते ते त्या परतण्याचे. भांडून निघून जायला फारसे धैर्य लागत नाही. मी स्वतः डबा घेऊन निघून गेलोच की. पण त्याच दारातून पुन्हा आत शिरताना पहिल्या दिवशी त्यांनी कोणाकडे पाहिले असेल? बसायला कुठे जागा धरली असेल? त्या बावीस जणांपैकी कोणी तिथे असेल का?

पुढे महाथीर स्वतःच अम्नो सोडून गेले, 2018 साली ब्याण्णवाव्या वर्षी त्याच पक्षाला हरवून पुन्हा पंतप्रधान झाले, अन् कू ली विरोधी बाकांवर बसले. मग 19 नोव्हेंबर 2022 ची निवडणूक आली. सत्त्याण्णव वर्षांच्या महाथीरांची लांकावीत अनामत जप्त झाली. त्याच दिवशी गुआ मुसांगला पंचाऐंशी वर्षांचे कू लीही पडले, 163 मतांनी. 1974 पासूनची त्यांची खासदारकी संपली.

163 चे गणित मी केले नाही. पेन्सिल हातात घेतली होती, पण ठेवून दिली.

यंदा सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलो. भूगोलाचे मास्तर खिडकीशी बसले होते. त्यांनी मान वर केली, शेजारच्या खुर्चीवरचे नकाशे उचलून मांडीवर घेतले अन् म्हणाले, "मास्तर, आज घरी मेथीची भाजी केली आहे. तुम्ही मेथी खाता ना अजून?"