बाळाची जाग

आमच्या घरात सध्या बाळ झोपवण्याचं ज्ञान सगळ्यांकडे आहे. झोप मात्र कुणाकडेच नाही. लेक पहिल्या बाळंतपणाला धारवाडला आली, सव्वा महिना उलटला, आणि माळमड्डीतल्या आमच्या ओसरीवर जो येतो तो चहा पिऊन एक उपाय ठेवून जातो. मागच्या घरातल्या अज्जी म्हणतात, निजवायच्या आधी जायफळाचा एक वळसा. विहीणबाई सांगलीहून फोनवर विचारतात, मोहरीची उशी शिवलीत का? न्हाऊ घालायला येणारी बाई म्हणते, गच्च बांधा, हात मोकळे राहिले की पोर दचकतं. जावयाने पुण्याहून ॲप पाठवलंय, त्यातून रात्रभर धबधबा कोसळतो. आणि गंमत अशी की प्रत्येकाचा उपाय प्रत्येकाच्या घरी हमखास लागू पडलेला असतो. पडणारच. बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत आपसूक उतरतं. उतरत्या पाण्यात जो पाय ठेवेल त्याला वाटतं, पूर आपणच ओसरवला.

माळ्यावरून काढलेला आमचा पाळणा कलघटगीचा. हुबळीहून कारवारच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं, आणि तिथल्या चित्रगार घराण्यांचे लाकडी पाळणे साऱ्या उत्तर कर्नाटकात प्रसिद्ध आहेत. लाखेचे लाल-पिवळे-हिरवे रंग आणि त्यात कृष्णाच्या लीला, रामायणातले प्रसंग. पहिलटकरणीला माहेरचा पाळणा मिळावा ही इकडची रीत. कानडी घरांत आहे, आमच्यासारख्या मराठी घरांतही आहे. आमच्या पाळण्यात माझी आई निजली, मी निजले, लेक निजली. एका बाजूच्या कृष्णाचा चेहरा हात लागून लागून पुसट झालाय, बासरी मात्र शाबूत आहे. वर टांगलेल्या चिमणाळ्यातला एक पोपट माझ्या धाकट्या भावाने लहानपणी तोडला तो तोडलाच.

पण या वेळी मी पाळण्याकडे चित्रांसाठी पाहिलं नाही. खाली वाकून त्याची फळी पाहिली. सपाट, टणक लाकूड. त्यावर आमच्या आईने कधी एका घडीच्या गोधडीपेक्षा जास्त काही घातलं नाही, उशी तर नाहीच. आजचे बालरोगतज्ज्ञ जे सांगतात ते शब्दशः हेच आहे: पृष्ठभाग सपाट आणि कडक हवा, बाळ उताणं हवं, जवळ उशी-लोड-मऊ खेळणी काही नको. गजांमधली फट सहा सेंटिमीटरहून जास्त नको. आमच्या यांनी शाळेची फूटपट्टी आणून सगळ्या फटी मोजल्या, वरच्या कड्यांना लोंबकळून पाहिलं (त्या वजनाला टिकलेल्या कड्या नातवाला काय दाद देणार!), आणि पाळणा पास झाला. मात्र बाळ कूस बदलायला, गज धरून उठायला लागलं की त्याची नोकरी संपली.

साडीची झोळी याच्या उलट. तिच्यात बाळ गपकन निजतं, कारण कापड त्याला सगळीकडून धरतं. पण तळाला बाक येतो, पाठ वाकते, हनुवटी छातीवर टेकते. एवढ्याशा मानेला ती वर उचलायची ताकद नसते आणि श्वासाची वाट तिथेच मुडपते. गोऱ्यांच्या देशातसुद्धा ही चूक झाली, चांगली चकचकीत कंपनी असून. अमेरिकेत बाळाला तिरकं निजवून डोलवणारी फिशर-प्राइसची एक आसनवजा झोळी खूप खपली. तीसहून जास्त बाळं दगावल्याची नोंद झाल्यावर एप्रिल २०१९मध्ये ती सुमारे सत्तेचाळीस लाख नग परत मागवून बंद करावी लागली.

या सगळ्या उपायांच्या मुळाशी एक इच्छा असते: बाळाने गाढ झोपावं. आपण म्हणतो, मेल्यासारखं झोपलंय, आणि लगेच जीभ चावतो. खरं तर एवढ्याशा बाळाची झोप हलकी असते ती त्याच्याच भल्यासाठी. श्वास अडला, नाकावर कापड आलं, अंग तापलं की त्याने दचकून उठायचं, मान हलवायची, टाहो फोडायचा. हीच त्याची राखण. पालथं निजवलं तर बाळ जास्त वेळ झोपतं, हे आमच्या पिढीच्या आयांना पक्कं ठाऊक होतं. माझ्याकडे तर त्याला इंग्रजी पुस्तकाचा आधार होता. डॉक्टर बेंजामिन स्पॉक यांचं ते पुस्तक म्हणजे अर्ध्या जगाची पोथी, आणि उताण्या बाळाला उलटी झाली तर ती घशात अडकेल म्हणून त्यांनी बरीच वर्षं पालथं निजवायचा सल्ला दिला होता. पालथं बाळ जास्त झोपतं, कारण त्याची जागच मंदावते. न्यूझीलंड, ब्रिटन इथल्या डॉक्टरांनी पाळण्यात अचानक गेलेल्या बाळांचा शोध घेतला तेव्हा पालथं निजवण्यातला धोका कळला. १९९१मध्ये ब्रिटनने आणि १९९४मध्ये अमेरिकेने 'बाळाला उताणं निजवा' अशी मोहीम काढली आणि असे मृत्यू निम्म्यावर आले. आमची आई पुस्तक वाचत नव्हती. ती पाळण्यात बाळ उताणंच ठेवायची, कारण त्याचं तोंड दिसायला हवं.

पालथ्या निजेचं हे कळल्यापासून मी प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारते. हा झोप आणतो की जाग मारतो?

जाग मारण्याची सगळ्यात जुनी आणि स्वस्त वस्तू अफू. आमचं धारवाड १९५६पर्यंत मुंबईच्या राज्यातलं, म्हणून मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट मला परकी वाटत नाही. तिथे 'बाळगोळी' नावाची अफूची गोळी सर्रास विकली जायची. आईने पहाटे ती चाटवायची आणि दहा-दहा तास साच्यावर उभं राहायचं. १९२२च्या सुमाराला मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या बाईंना कामगार बायकांची पाहणी करायला नेमलं. त्यांनी नोंदवलं की गिरणीत जाणाऱ्या आयांच्या शंभरातल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. या आकड्यापाशी मी पहिल्यांदा थांबले तेव्हा मनात आलं ते 'अडाणी बायका' असं नव्हे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव अडाणी नसतात, अडलेल्या असतात. अफूने श्वास मंद होतो हे तर आहेच, पण तिचं खरं कपट वेगळं. अफूवरचं बाळ भुकेनेही उठत नाही. दूध मागत नाही, म्हणून त्याला मिळत नाही, आणि ते शहाणं शहाणं म्हणवून घेत वाळत जातं. १९२९मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. आदल्या वर्षी कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी त्या मागणीची बाजू मांडली होती. बाळगोळीवर खरा उतारा तो कायदा आणि पाळणाघर हा होता. कुठलंही भित्तिपत्रक नव्हे.

गोऱ्या आयांनीही हेच केलं. मिसेस विन्स्लोचं अमेरिकी 'सुदिंग सिरप' मॉर्फिनचं होतं. आपल्या घराघरांत पोचलेलं ग्राइप वॉटर वुडवर्ड नावाच्या गृहस्थाने १८५१मध्ये नॉटिंगहॅमला केलं, आणि जुन्या ग्राइप वॉटरात शेपेच्या तेलाबरोबर अल्कोहोलही असे. आता नसतं. मग काही घरांत ते चमचाभर ब्रँडीच्या रूपाने परत येतं, 'थंडी बाधू नये' या नावाखाली.

आमच्या फळीवरच्या वस्तूंचा निवाडा मी भराभर केला. मध वर्षाच्या आत नाही, सोन्याच्या काडीवरचासुद्धा. त्यातल्या जंतूंच्या बीजाने बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. जायफळ सहाणेवर उगाळताना एक वळसा कुणाचा किती दाबून, हे कोण मोजणार? ते जास्त झालं तर मोठ्या माणसालाही भ्रम होतो. मागच्या अज्जींना नाही म्हणणं जिवावर आलं. म्हणून मी जायफळ घेतलं आणि बासुंदीत घातलं. गळ्यातला काळा दोरा पायात गेला. विहीणबाईंची उशी कुरिअरने आलीच. तिची शिवण उसवली, मोहरी फोडणीच्या डब्यात गेली. त्यांना कळवलं की उशी फार उपयोगी पडली. यात खोटं काहीच नाही.

एका गोष्टीत मात्र मी हसत नाही. प्रवासात बाळ गप्प राहावं म्हणून सर्दीचं औषध देणं. सुशिक्षित घरांतली ही बाळगोळीच. प्रोमेथाझिनसारख्या औषधाने दोन वर्षांखालच्या मुलाचा श्वास बंद पडू शकतो. सर्दीच्या सिरपांतलं क्लोरफेनिरामीन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं आपल्या औषध नियंत्रकांनीही २०२३च्या डिसेंबरात बजावलं. बाटलीवर केळ्याचं किंवा संत्र्याचं चित्र असतं, एवढाच काय तो अफूशी फरक.

न्हाऊ घालणारीशी वाद घालायला वेगळी हिंमत लागते. तिची आई माझ्या लेकीला न्हाऊ घालायची. ती पाटावर पाय लांब करून बसते, बाळ नडगीवर पालथं घेते, तेलाचा हात पाठीवरून टाचेपर्यंत एका ओढीत नेते आणि कढत पाणी स्वतःच्या पोटरीवर आधी ओतून बघते. त्या स्नानानंतर बाळ जे निजतं त्याला कुठल्याही उपायाची सर नाही. पण मग ती खोलीचं दार लावते, शेगडीत निखारे, त्यावर ओवा, शेपा, ऊद. धारवाडचा पाऊस मलेनाडूच्या कडेचा. जुलैत दुपटी आठवडाभर दमट राहतात, त्यामुळे ऊब हवी हे तिचं म्हणणं चूक नाही. दारं लावलेल्या खोलीत निखाऱ्यांचा वायू साचतो त्याचं काय, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "धूर डोळ्यांत गेला की मी दार उघडतेच की." मी म्हटलं, ज्या वायूने माणूस जातं तो डोळ्यांत जात नाही, त्याला वासही नसतो. ती थोडा वेळ बोलली नाही. आता दुपटी शेगडीवर टोपलीत वाळतात, शेगडी अंगणात असते. गच्च बांधण्यावर तडजोड अशी झाली: छातीपाशी दोन बोटं शिरतील इतकं सैल, कमरेखाली पाय हलतील इतकं मोकळं, आणि कूस बदलायची चिन्हं दिसली की बांधणं बंद.

धबधब्याचं ॲप लेकीने स्वतःच बंद केलं. असा आवाज काढणाऱ्या १४ यंत्रांची टोरांटोत २०१४मध्ये तपासणी झाली, त्यातली काही पूर्ण आवाजात कारखान्याइतकी कर्कश निघाली. फोन कानाशी ठेवला तर तोही कमी नाही. माझं माहेर हुबळीला रेल्वेच्या रुळांजवळ.  आम्ही भावंडं शंटिंगच्या इंजिनांवर वाढलो, आणि आई सांगायची की आम्ही गाडी गेल्यावर उठायचो, येताना नाही.

राहिला माझा उपाय. खांद्यावर घेऊन ओसरीत फेऱ्या. याला जपानी आधार निघाला याचा मला बालिश आनंद झाला. २०२२मध्ये रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं एका लयीत चालावं, ते निजल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं कुशीत घेऊन नुसतं बसावं, मग खाली ठेवावं. लगेच ठेवलं तर ते अंगापासून सुटतानाच उठतं. ती बसण्याची मिनिटं कुणी पाळत नाही. मी पाळते, पण सोफ्यावर नाही, ताठ खुर्चीत. पेंगत्या माणसाच्या कुशीत सोफ्यावर निजलेलं बाळ हा सगळ्यात वाईट प्रकार.

एवढं सगळं तोलून-मापून मी परवा उघडीप होती म्हणून बाहेर पडले. पलीकडच्या प्लॉटवर बांधकाम चाललंय. परांचीच्या दोन बांबूंना साडीची झोळी, आत तीनेक महिन्यांचं बाळ, हनुवटी नेमकी छातीला टेकलेली. आई रायचूरकडची, डोक्यावर विटा. मी कानडीत म्हटलं, अग, असं नको, खाली सपाट निजव.

"खाली कुठं, अव्वा? चिखल आहे, कुत्री आहेत. काल विटांखाली विंचू निघाला."

"मग आमच्या ओसरीवर ठेव. मी आहे."

तिने विटांच्या ढिगापासून आमच्या फाटकापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मिक्सर घरघरत होता. "तिथं रडलं तर मला ऐकू कसं येईल?"

मग तिने हात पुसले, बाळाला झोळीत आडवं सरळ केलं, तोंडावरचं कापड बाजूला केलं, हनुवटीखाली बोट घालून पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीत आणते तुमच्याकडे. तेव्हा मी पण असते," म्हणाली, आणि मुकादमाने हाक मारली तशी पाटी उचलून गेली.