माटुंग्याची कॉफी

मुंबईत राहून दक्षिणेची यात्रा घडावी असे वाटत असेल, तर सकाळी मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरावे. पूर्वेच्या बाजारात फुलांच्या वेण्या, केळीची पाने आणि नुकत्याच भाजलेल्या कॉफीचा दरवळ ही तिन्ही एकदमच भेटतात. नोकरीसाठी आलेली कितीतरी तमिळ कुटुंबे येथे स्थिरावली. येताना त्यांनी आपली कॉफीही आणली.

आपल्याकडे दुधात पूड व साखर टाकून कॉफी खळखळ उकळायची आणि वर जायफळ किसायचे. लागते चवदार, पण ती चव जायफळाची! उकळल्याने कॉफीचा सुगंध वाफेबरोबर उडतो, कडूपणा तेवढा उरतो.

माटुंग्याच्या घरांत पुडीला विस्तव दाखवत नाहीत. दुमजली फिल्टरच्या वरच्या, बारीक छिद्रांच्या भांड्यात पूड हलकेच दाबतात, उकळून क्षणभर ठेवलेले पाणी ओततात आणि झाकण घालतात. १५-२० मिनिटांत थेंबाथेंबाने काळाभोर अर्क खाली उतरतो. त्यात गरम दूध घालायचे, की झाली कॉफी.

पूड आठवडा पुरेल एवढीच, ताजी दळून घ्यावी. चिकोरीने रंग व दाटपणा येतो, सुगंध नव्हे; तेव्हा तिचे प्रमाण विचारावे.

सकाळच्या धांदलीत एवढा वेळ कुठला, असे गृहिणी म्हणतील. परंतु फिल्टरवर पहारा लागत नाही. घरातल्या बाईला बसून वर्तमानपत्र वाचायला मिळणारा तो पाव तास, हाच ह्या कॉफीचा खरा गोडवा!