नाव न घेतलेलं गाव

१९४८ सालच्या वसंतात जपानमधल्या नागानो प्रांताच्या विधिमंडळात एक ठराव आला: प्रांताचे दोन तुकडे करावेत. भांडण जुनंच होतं. १८७६ मध्ये शेजारचा चिकुमा प्रांत मोडून त्याचा मोठा भाग नागानोत घातला गेला, राजधानीचा मान नागानो शहराकडे राहिला आणि मात्सुमोतोकरांच्या मनात तो सल तसाच राहून गेला. विभाजनवाल्यांचं पारडं जड दिसत होतं. तेवढ्यात प्रेक्षकांच्या सज्जातून गाणं ऐकू येऊ लागलं: ‘शिनानो नो कुनी’. एकानं धरलं, सगळ्यांनी उचललं. पुढे ठराव बारगळला. एका गाण्यानं अख्खा प्रांत वाचवला, यावर इतिहासाचा अभ्यासक सहजी विश्वास ठेवणार नाही. पडद्यामागचे डावपेचही असणारच. नागानोत मात्र आजही श्रेय गाण्यालाच मिळतं.

हे गाणं म्हणजे खरं तर भूगोलाचा धडा. आसाई किओशी नावाच्या शिक्षकानं ते १८९९ मध्ये लिहिलं आणि पुढच्या वर्षी कितामुरा सुएहारू यांनी त्याला चाल लावली. सहा कडव्यांत डोंगर, नद्या, सपाट खोरी, रेशमाचा धंदा, थोर पुरुष, अगदी रेल्वेचे बोगदेसुद्धा येतात. समुद्र नाही, याचीही नोंद आहे. प्रांताचं अधिकृत गीत म्हणून त्याला १९६८ मध्ये मान्यता मिळाली, पण तोवर पिढ्यान् पिढ्यांनी ते शाळेत पाठ केलेलं होतं. दोन नागानोकर परक्या शहरात भेटले, थोडी साके पोटात गेली, की हे गाणं सुरू होतं असं बाकीचे जपानी जरा वैतागूनच सांगतात.

याच नागानोतल्या एका माणसानं अगदी उलट प्रकारचं गाणं लिहिलं. ताकानो तात्सुयुकी हा १८७६ मध्ये तिथल्या एका खेड्यात जन्मला, शिक्षक झाला, तोक्योला गेला आणि जपानी गीतांच्या इतिहासाचा मोठा अभ्यासक म्हणून नावाजला. शिक्षण मंत्रालयानं १९१४ मध्ये सहावीच्या मुलांसाठी छापलेल्या गाण्यांत त्याचं ‘फुरुसातो’, म्हणजे आपलं मूळ गाव, हे गाणं होतं. चाल ओकानो तेइइची यांची. ओकानो तोत्तोरीचे, धर्मानं ख्रिस्ती, तोक्योच्या एका चर्चमध्ये वर्षानुवर्षं ऑर्गन वाजवणारे. गाण्याच्या तीन मात्रांच्या संथ चालीत प्रार्थनेचा सूर ऐकू येतो तो बहुधा तिथूनच आलेला. मंत्रालयाच्या या गाण्यांवर कवी-संगीतकारांची नावं छापत नसत, त्यामुळे हे गाणं कोणाचं हे लोकांना कित्येक दशकं ठाऊकच नव्हतं.

‘फुरुसातो’मध्ये एकाही जागेचं नाव नाही. टेकडीवर सशामागे धावणं, ओढ्यात छोटे मासे पकडणं, आईबाप कसे असतील, सवंगडी बरे असतील ना, आणि शेवटी एक वचन: मनात धरलेलं काम तडीस नेलं की एक दिवस परत येईन. हे शेवटचं कडवं नीट पाहावं. त्यात हळवेपणापेक्षा मेइजी काळाची शिस्त जास्त आहे. शिका, मोठे व्हा, नाव काढा आणि मग घरी या. रिकाम्या हातानं परतणाऱ्याला त्या गाण्यात जागा नाही. ताकानोबद्दल सांगतात की त्याची बायको देवळाच्या घरातली होती, आणि मोठा माणूस होऊन या देवळाच्या दारातून मिरवत यावं, अशी सासरची अट होती. त्यानं ती पुरी केली म्हणे. आयुष्याच्या अखेरीस तो नागानोतल्याच नोझावा ओन्सेनला राहिला आणि १९४७ मध्ये तिथेच वारला. म्हणजे कवीनं आपलं वचन पाळलं. गाणाऱ्या लाखोंना ते जमणार नव्हतं.

१९९८ मध्ये नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या समारोपात हे गाणं गायलं गेलं, तेव्हा ते एक गोड राष्ट्रीय गीत होतं. २०११ नंतर त्याला धार आली. भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाचा अणुभट्टी अपघात यांनंतर त्या एका प्रांतातून सुमारे १ लाख ६० हजार माणसं विस्थापित झाली. निवारा छावण्यांत, मदतीसाठीच्या मैफलींत ‘फुरुसातो’ पुन्हा पुन्हा गायलं गेलं. एप्रिलमध्ये तोक्योला आलेल्या प्लासिदो दोमिंगो यांनीही ते गायलं. लोक रडले. पण कवीच्या हिशेबात घर सोडणारा आपल्या मर्जीनं जातो आणि घर जागच्या जागी थांबतं. इथे माणसांना बाहेर काढलं होतं, घर किरणोत्सर्गाच्या पट्ट्यात होतं आणि परतणं कोणाच्याही कर्तबगारीवर अवलंबून नव्हतं. अशा वेळी शेवटचं कडवं कोणत्या तोंडानं म्हणायचं, हा प्रश्न सुरांनी सुटत नाही.

गाव सोडून फार लांब जावं लागतं असंही नाही. क्यूशू बेटावर कुमामोतोच्या डोंगरात इत्सुकी गाव आहे. तिथल्या भूमिहीन घरांतल्या कोवळ्या मुली सधन घरी मूल सांभाळायला ठेवल्या जात. ‘इत्सुकीचं अंगाईगीत’ या मुलींचं. नाव अंगाईचं, पण पाठीवरच्या बाळाशी त्याला फारसं देणंघेणं नाही. मुलगी ओबोनच्या सणाची वाट पाहते, कारण तोवरच तिची चाकरी. कोकणातला चाकरमानी गणपतीचे दिवस मोजतो तशी ती ओबोनचे दिवस मोजते. आपण मेलो तर कोण रडेल, हाही विचार तिच्या मनात येऊन जातो. आईचं घर डोंगरापलीकडे, पण त्या वयाला आणि त्या गरिबीला तेवढं अंतरही पुरतं. पुढे त्याच गावावर धरणाचं सावट आलं. कावाबे नदीवरची योजना १९६६ मध्ये जाहीर झाली, कित्येक कुटुंबांनी घरं हलवली, २००९ मध्ये सरकारनं काम थांबवलं आणि २०२० च्या महापुरानंतर वेगळ्या रूपातल्या धरणाची चर्चा पुन्हा उभी राहिली. घरच्या ओढीच्या गाण्यानं देशभर प्रसिद्ध झालेल्या गावाचीच घरं अर्धशतक अधांतरी राहिली.

ओकिनावाच्या लोकांची ताटातूट समुद्रापारची. पोटासाठी ते ओसाकाच्या कारखान्यांत गेले, हवाई आणि दक्षिण अमेरिकेतही पोचले. फुकुबारू चोकी या ओकिनावी गायकानं १९२७ मध्ये ओसाकातच मारुफुकु ही रेकॉर्ड कंपनी काढली आणि परमुलखातल्या या माणसांना त्यांच्याच बोलीतली गाणी तबकड्यांवर दिली. १९४५ च्या लढाईनंतर मात्र घरी असलेलेही घराला पारखे झाले. युद्धकैद्यांच्या छावण्यांत लोकांनी रिकामे डबे, लाकडाचे तुकडे आणि पॅराशूटचे दोरे जोडून सान्शिन हे तीन तारांचं वाद्य बनवलं, आणि आपल्याच बेटावर बसून घराच्या आठवणीची गाणी रचली.

मुख्य जपानात या गाण्यांचा खरा सुकाळ झाला तो रेल्वेमुळे. १९५४ पासून १९७५ पर्यंत दर वसंतात खास गाड्या भरभरून चौदा-पंधरा वर्षांची मुलंमुली ईशान्येकडून तोक्योच्या कारखान्यांत आणि दुकानांत कामाला येत. मालक त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि हिशेब किती, हे अंड्यांना कोणी विचारलं नाही. गाड्या उएनो स्थानकात थांबत. १९६४ मध्ये, म्हणजे तोक्यो ऑलिंपिकच्याच वर्षी, आओमोरीतल्या हिरोसाकीच्या इझावा हाचिरोनं ‘आ उएनो एकी’ गायलं आणि ते या मुलांचं गाणं झालं. त्यात गाव नाहीच, फक्त स्थानक आहे. गावाहून आलेली गाडी जिथे येते ती जागा पाहूनच मन शांत करायचं. स्थानकाबाहेर आता या गाण्याची शिळा आहे, आणि गाडी सुटण्याच्या सूचनेसाठीही तीच धून वापरली गेली आहे.

१९७७ चं ‘कितागुनी नो हारू’, म्हणजे उत्तरेकडचा वसंत, याच पिढीनं डोक्यावर घेतलं. गायक सेन मासाओ इवाते प्रांतातल्या रिकुझेनताकाताचा. जुनाट ओव्हरकोट, बूट आणि हातात पेटी असा हंगामी मजुराचा वेश करून तो रंगमंचावर येई. सगळ्यांनी हा वसंत ईशान्येचा मानला. पण गीतकार इदे हाकू मूळचा नागानोचा! गाण्यातली झाडं त्याच्या गावची. ऐकणाऱ्यांना काही फरक पडला नाही. चीनमध्ये तर ते इतकं रुजलं की तिथे प्रत्येकानं उत्तर दिशा आपापली ठरवली. सेन मासाओनं पुढे जमीनजुमल्याच्या तेजीत एवढे व्यवहार केले की ‘गाणारा इस्टेटसम्राट’ म्हणून तो ओळखला गेला, आणि तेजी फुटल्यावर कर्जात बुडाला. गावाकडच्या ओढीनं मोठं झालेल्या माणसाला शहरातल्या जमिनीची ओढ लागावी यात विसंगती काढता येईल, पण त्याच्या श्रोत्यांनीही दुसरं काय केलं होतं? गाणी गावाची म्हटली आणि हप्ते तोक्योच्या घराचे भरले.

या सगळ्या उसाशांना टाचणी लावली ती योशी इकुझोनं. हाही आओमोरीचाच, कानागी गावचा. १९८४ च्या ‘ओरा तोक्यो सा इगुदा’मधला नायक अजून गावातच आहे आणि त्याचा जीव विटला आहे. टीव्ही नाही, रेडिओ नाही, मोटारी दिसत नाहीत. हे गाव नको, मी चाललो तोक्योला, तिथे पैसे साठवीन आणि गाई पाळीन! ठसकेबाज बोलीतलं हे रॅपच्या वळणाचं गाणं तुफान चाललं. काही गावकरी रागावले, की आमच्याकडे वीज आहे हो. राग रास्त होता, पण गाण्यानं हिशेब चोख केला होता: इतकी वर्षं गावावर प्रेमाची गाणी लिहिणारे सगळे गाव सोडून गेलेले होते, आणि ते का गेले हे त्यांच्या गाण्यांतून गळलं होतं. त्याच १९८४ मध्ये सेन मासाओच्या आवाजात ‘त्सुगारू हेइया’ आलं. हिवाळ्यात मजुरीला शहरात गेलेला बाप, घरी त्याची वाट पाहणारं पोर आणि बर्फाखालचं त्सुगारूचं मैदान. ते गंभीर, जड पावलांचं गाणंही लिहिलं आणि बांधलं होतं योशी इकुझोनंच.