चुलीतली राख

वसईच्या मातीत वाढलेल्या माणसाला बागेवाचून करमत नाही. शिक्षकाच्या नोकरीनिमित्त गोंदियास आलो, येथेच निवृत्त झालो आणि घरामागच्या चार वाफ्यांत झेंडू लावू लागलो. ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्माच्या सणाला, वेदीपुढे आपल्या हातची फुले असावीत एवढाच हट्ट.

पण येथला पावसाळा धानाला मानवतो तसा गोगलगायींनाही. सकाळी पाहावे तो रोपांचे नुसते देठ उभे आणि मातीवर चकाकणारी चिकट रेघ. पाठीवर शंख नसलेली ही जात दिवसा कुंडीखाली, पालापाचोळ्यात दडते आणि रात्री चरायला निघते. एकाच देहात नर आणि मादी दोन्ही असल्याने अंडी घालायला कोणीही मोकळी!

एका वर्षी चिडून मी मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणून पसरल्या. गोगलगायींना ओढ लागावी म्हणून त्या कोंड्यासारख्या खाद्यात मिसळलेल्या असतात, आणि त्याच वासाचा मोह कुत्र्यालाही पडतो. वेष्टनावर सूचना असेलही. मी वाचली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाईंनी भाकरीच्या तुकड्यावर वाढवलेली कुत्री कुंपणापाशी झटके येऊन मेली. या विषाला नेमका उतारा नाही, हे मागाहून कळले.

"साप चावला असन जी, गुरुजी," आजीबाई म्हणाल्या. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी गोळ्या एकेक करून वेचल्या. महाराष्ट्रातले सारस पक्षी आता जवळजवळ सगळे आमच्याच जिल्ह्यात उरले आहेत. धानाच्या बांध्यांतून बेडूक, गोगलगायी टिपत हिंडतात. माझे परसू त्यांच्या वाटेवर नाही. तरी वेचताना तेच डोळ्यांपुढे येत होते.

तेव्हापासून रीत बदलली. गुळाच्या पाण्यात भिजवलेले जुने पोते सांजवेळी वाफ्यालगत अंथरतो. पहाटे उलटले की खाली गोगलगायी गोळा झालेल्या असतात. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून त्या उचलायच्या, कारण त्यांच्या अंगात माणसाला घातक ठरणारे कृमी असू शकतात, आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. हीसुद्धा हत्याच, पण तिला माझ्या हातांची मर्यादा आहे. मीठ मात्र वाफ्यात टाकू नये. गोगलगाय मरते आणि मातीही नासते. उघडीप असताना पाणी सकाळी घालावे, म्हणजे रात्री माती त्यातल्या त्यात कोरडी राहते. पत्नी विजेरी धरते, मी वेचतो. कधी ती मोजते आणि माझी नजर अधू झाल्याचे सुनावते.

शिवाय रोपांभोवती कोरड्या राखेचे कडे. कोरड्या राखेवरून सरपटणे गोगलगायीला नको वाटते. सर आली की कडे फुकट, पुन्हा घालावे लागते. आमच्याकडे गॅस, राख आजीबाईंच्या चुलीतली.

प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी मी ती गोष्ट धर्मगुरूंना सांगितली. आजीबाईंना अजून सांगितलेली नाही. दोनदा कुंपणापर्यंत गेलो आणि हवापाण्याचे बोलून परतलो. त्यांनी दुसरे पिलू आणले नाही.

"गुरुजी, राख घेऊन जा जी," त्या कुंपणावरून हाक देतात. मी डबा पुढे करतो. या आठवड्यात पाऊस थांबलेला नाही, त्यामुळे रोज जावे लागले.