ई स्ट्रीटच्या कोपऱ्यावर

लॉस एंजेलिसहून इंटरस्टेट १० धरून पूर्वेला निघालं की शहर संपता संपत नाही. डावीकडे सॅन गॅब्रिएलचे डोंगर सोबत करतात. एकेकाळी इथे संत्र्यांच्या बागा होत्या, आता मैलोनमैल गोदामं आहेत. शंभरेक किलोमीटरवर सॅन बर्नार्डिनो लागतं. लास व्हेगसला जाणारे इथे पेट्रोल भरतात आणि पुढे जातात. मी मात्र याच गावासाठी निघालो होतो. अमेरिकेची जेवायची रीत बदलून टाकणारं स्वयंपाकघर इथल्या ई स्ट्रीट आणि चौदाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं.

मूळ इमारत आता नाही. अल्बर्ट ओकुरा या स्थानिक उपाहारगृह-व्यावसायिकाने १९९८ मध्ये ही जागा घेतली आणि तिथे संग्रहालय थाटलं. जुने पेले, वेष्टनं, खेळणी, फोटो असं बरंच काही कपाटांत दाटीवाटीने ठेवलंय. तिकीट नाही आणि मॅकडोनाल्ड्स कंपनीचा या संग्रहालयाशी संबंधही नाही.

रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड हे भाऊ न्यू हॅम्पशायरहून नशीब काढायला कॅलिफोर्नियात आले. १९४० मध्ये त्यांनी या कोपऱ्यावर बार्बेक्यूचं ड्राइव्ह-इन उघडलं. गिऱ्हाईक गाडीतच बसून राही आणि मुली ट्रे आणून देत. धंदा उत्तम चालला होता. तरीही १९४८ मध्ये दोघांनी तो काही महिने चक्क बंद ठेवला, कारण हिशेब तपासताना बहुतेक विक्री हॅम्बर्गरचीच आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पुन्हा दार उघडलं तेव्हा वाढणाऱ्या मुली नव्हत्या, बशा नव्हत्या, काटे-चमचे नव्हते. पंचवीसेक पदार्थांच्या जागी नऊच उरले होते आणि हॅम्बर्गर ३० सेंटवरून १५ सेंटवर आला होता.

सुरुवातीला गिऱ्हाइकं फिरकेनात. मग कुटुंबं येऊ लागली. तोवर मुलाबाळांना घेऊन बाहेर जेवणं न परवडणारा कामगार आता खिडकीशी रांगेत उभा राहत होता. मला या साऱ्या कहाणीतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. एकेकाळी हॅम्बर्गरच्या खिम्याला अब्रू नव्हती. अप्टन सिंक्लेअरच्या १९०६ मधल्या ‘द जंगल’ कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण चव्हाट्यावर आणली होती. १९२१ मध्ये विचिटा इथे सुरू झालेल्या व्हाइट कॅसलने पांढऱ्याशुभ्र भिंती आणि गिऱ्हाइकासमोरचा तवा दाखवून तो संशय दूर करायला सुरुवात केली. या भावांनी त्या विश्वासाला वेगाची जोड दिली.

वेग आला तो कामाच्या वाटणीतून. एकाने फक्त मांस परतायचं, दुसऱ्याने पाव सजवायचा, तिसऱ्याने बटाटे तळायचे. पुढे नव्या इमारतीचा आराखडा ठरवताना त्यांनी घरच्या टेनिस कोर्टवर खडूने स्वयंपाकघर आखलं आणि नोकरांना त्यात चालायला लावून एकेक पाऊल वाचवलं. पदार्थ स्वस्त झाला, पण हाताला चव असलेल्या स्वयंपाक्याची गरजही उरली नाही. हे नुकसान फारसं कुणी मोजत नाही.

१९५४ मध्ये मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक इथे आला. त्याने १९५५ मध्ये इलिनॉयमधल्या डेस प्लेन्सला स्वतःची शाखा काढली आणि १९६१ मध्ये नावासकट भावांचा धंद्याचा हक्क २७ लाख डॉलरला विकत घेतला. कोपऱ्यावरचं दुकान भावांकडेच राहिलं, पण आडनावाची पाटी त्यांना उतरवावी लागली आणि दुकान ‘बिग एम’ झालं. क्रॉकने जवळच आपली शाखा उघडली. काही वर्षांत ‘बिग एम’ बंद पडलं. कायद्याने सगळं रीतसर झालं असेल, पण मला ते अन्यायाचंच वाटतं.

परतताना मी डाउनीला थांबलो. तिथली ऑगस्ट १९५३ मधली शाखा आज उभ्या असलेल्यांत सर्वांत जुनी आहे. तिचा परवाना थेट भावांनी दिलेला, म्हणून ती क्रॉकच्या बदलांतून वाचली. लाल-पांढऱ्या फरश्या, छतातून आरपार गेलेल्या दोन पिवळ्या कमानी, उंच खांबावर धावणारा ‘स्पीडी’ नावाचा बल्लव, सगळं जागच्या जागी आहे. १९९४ च्या भूकंपानंतर ती पाडली जाण्याची वेळ आली होती. लोकांनी आवाज उठवला आणि १९९६ मध्ये ती पुन्हा उघडली. त्याच वर्षी ही साखळी दिल्ली आणि वांद्र्यात पोहोचली, गोमांस वगळून.

डाउनीच्या शाखेत सफरचंदाचा पाय अजून तळूनच मिळतो. वरचं कवच कुरकुरीत, आतलं सारण जीभ पोळेल इतकं गरम.

लॉस एंजेलिसला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी डिस्नेलँडच्या वाटेवर डाउनीला तासभर जरूर थांबावं. आणि एक सकाळ सॅन बर्नार्डिनोसाठीही राखून ठेवावी, कारण क्रॉकचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण या भावांचं काम त्याच कोपऱ्यावर समजतं.