कोल्हापूरहून कडोलीस : एका जुन्या मोटारसायकलीचा प्रवास

कडोली हे गाव बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर महामार्गाच्या पश्चिम अंगास, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर वसलेले आहे. बटाटे, रताळी व भाजीपाला पिकविणारे हे शेतकऱ्यांचे गाव दरवर्षी मराठी साहित्य संमेलनही भरविते, त्यामुळे सीमाभागाबाहेरील पुष्कळ वाचकांना त्याचे नाव ठाऊक असेल. अंतर तसे थोडे. परंतु ज्याच्या दारात वाहन नाही त्याला बेळगाव पुण्याइतकेच दूर वाटते. माझ्या आईला महिन्यातून दोनदा तेथील दवाखान्यात न्यावे लागते. सकाळच्या बसला शाळेची मुले, भाजीची पोती व कामावर जाणारी माणसे ह्यांची दाटी असते, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी बसची पायरी चढणे हे तिला औषधापेक्षाही कडू जाते. एवढ्यासाठी मोटारसायकल घेण्याचे ठरले. नवी गाडी लाखाच्या घरात जाते. बटाट्याच्या हंगामातून मागे पडलेले होते चाळीस हजार. तेव्हा जुनी घेणे हाच मार्ग होता.

गाडी मिळाली कोल्हापुराजवळच्या एका खेड्यात. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची, २०१६ सालची हिरो स्प्लेंडर. ह्या नावाची गाडी १९९४ साली निघाली, त्या वेळी तिच्या टाकीवर ‘हिरो होंडा’ असे जोडनाव असे. दोन्ही घराणी विभक्त झाल्यावर २०११ पासून ‘हिरो’ एवढेच राहिले. खेडोपाडी तिचा सुटा भाग मिळतो व ती दुरुस्त करणारा मनुष्यही मिळतो. गरिबाच्या गाडीला ह्याहून मोठा गुण कोणता?

जुने वाहन पाहावयास जाताना गाडीचे इंजिन थंड असताना जावे, असे एका जाणत्या मिस्त्रीने मला सांगून ठेविले होते. विकणाऱ्याने आधीच गाडी तापवून ठेविली असेल, तर तिची सकाळची कुरकुर ऐकू येत नाही. धूर निळसर दिसला तर इंजिन ऑइल जाळते असे समजावे. मागच्या चक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असतील, तर साखळी व दोन्ही चक्रे बदलण्याचा खर्च धरून चालावे. सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशी ताडून पाहावेत, आणि पुस्तकात एखाद्या बँकेचा बोजा नोंदलेला नाही ना हे तर अवश्य पाहावे. अन्यथा पैसे आपले जातात व गाडी बँकेची राहते. माझ्या गाडीचे दाते वाकलेले होते. बाकी सर्व ठीक होते. भाव अडतीस हजारांवर तुटला. चावी हाती देताना त्या गृहस्थांनी टाकीवरून फडके फिरविले व म्हणाले, “पावणं, सकाळी पयल्यांदा चोक वडा, दोन किका मारा, मग धा आकडे मोजा. घाई केली तर रुसतीय बघा.” नव्या गाडीबरोबर छापील पुस्तिका मिळते, जुन्या गाडीबरोबर हे मिळते.

तेथून कडोलीपर्यंत शंभराच्या आसपास किलोमीटर. महामार्गावरील टोलनाक्यांवर दुचाकीस टोल नसतो, त्यामुळे कडेच्या वाटेने आपण श्रीमंतांच्या मोटारींपेक्षा लवकर सुटतो. हे सुख लहान असले तरी मी ते पुरेपूर भोगले. पहिले काही मैल मनुष्य रस्ता पाहत नाही, गाडीच ऐकत असतो. हा आवाज नेहमीचा की नवा? हा थरकाप चाकाचा की रस्त्याचा? कागल मागे पडले, कोगनोळीजवळ दूधगंगा आली, आणि महाराष्ट्र केव्हा सरला हे फलकांवरील लिपीवरूनच काय ते कळले. पुढे यमगर्णीला वेदगंगा. २०१९ व २०२१ च्या पुरांत हिच्याच पाण्याने हा महामार्ग बंद पडला होता. त्या दिवशी मात्र ती खाली, पात्राच्या तळाशी, निमूट वाहत होती.

निपाणीत चहासाठी थांबलो. तंबाखूच्या ह्या पेठेतून जाताना १९८१ साल आठवल्यावाचून राहत नाही. शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हाच रस्ता अडविला होता, आणि एप्रिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात त्यांपैकी कित्येकांचे प्राण गेले. आज त्याच रस्त्यावरून ट्रकांची रांग अखंड धावते.

निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट. स्तवनिधीचे जैन क्षेत्र येथेच आहे. गाडीची खरी ओळख मला ह्या चढावर झाली. चौथ्या गियरमध्ये ती धापा टाकू लागली, तिसऱ्यात आणिली तेव्हा पुन्हा शांत झाली. मात्र कान देऊन ऐकता साखळीचा कडकड आवाज प्रत्येक वळणावर येत होता. आधीच्या मालकाने नऊ वर्षे तिला सपाट रस्त्यावर, घर ते कारखाना असे चालविले होते. तिच्या अंगी त्या माणसाची सवय मुरलेली होती. क्लच अगदी शेवटी धरतो, आसनाचा खळगा त्याच्या बसण्याचा, डावा आरसा त्याच्या उंचीचा. जुन्या गाडीचा मालक होणे म्हणजे दुसऱ्याने वाचून खुणा केलेले पुस्तक हाती घेणे होय. काही खुणा उपयोगी असतात, काही पुसाव्या लागतात.

संकेश्वरला हिरण्यकेशी, पुढे घटप्रभा. ह्या चारही नद्या सह्याद्रीवरून पूर्वेकडे जातात व आपला रस्ता त्यांना एकामागून एक आडवा छेदतो. मोटारीच्या काचेआडून ह्या पुलांची गणती कधी झाली नव्हती. दुचाकीवर प्रत्येक नदीचा गारवा अंगाला लागतो, आणि न पाहताही पूल आला हे कळते. वंटमुरीचा घाट उतरून काकतीच्या अलीकडे महामार्ग सोडला, तेव्हा दिवस मावळत होता. काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचे माहेर. तेथून कडोली म्हणजे अंगणच.

घरी स्वागत झाले ते असे. आई दाराशी आली, गाडीभोवती एक फेरी घातली व म्हणाली, “दुसऱ्याचं जुनं आमच्या दारात कश्याला रे आणलास? वाटेत बंद पडली तर मी काय चालत येऊ?” मी उत्तर दिले नाही. उत्तर शब्दांनी देण्याजोगे नव्हतेच.

शेजाऱ्यांचे लक्ष मात्र क्रमांकाच्या पाटीकडे. ‘एमएच ०९’ म्हणजे कोल्हापूर. सीमाभागात ही दोन अक्षरे नुसती अक्षरे नसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून घराघरांत जे बोलले जाते ते येथील वाचकांस सांगणे नको. एक तरुण म्हणाला, “पाटी तशीच ठेवा की!” परंतु कायदा भावनेवर चालत नाही. परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाचा नाहरकत दाखला आणावयाचा, येथील आजीवन कर भरावयाचा व ‘केए २२’ ची पाटी लावावयाची. तिकडे आधी भरलेल्या करापैकी उरलेला भाग परत मागता येतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, तो आपणहून कोणी देत नाही. विम्याचे नावही लगोलग बदलून घ्यावे. माझ्या मते हे सर्व निमूटपणे करावे. पाटी बदलल्याने घरात बोलली जाणारी भाषा बदलत नाही, आणि अपघाताच्या वेळी अपुरे कागद कोणाच्याही कामी येत नाहीत.

त्या आठवड्यात साखळी व चक्रे नवी बसविली. मागच्या चाकावरील साडीची जाळी आधीच्या मालकाने काढून ठेविली होती. तीही बसवून घेतली, कारण मागे बसणाऱ्या स्त्रीचा पदर चाकात जाऊन झालेले अनर्थ आपण ऐकतोच. एक ऐवजी दोन शिरस्त्राणे आणिली.

सोमवारी दवाखान्याचा दिवस होता. चोक ओढला, दोन किका मारल्या, दहा आकडे मोजले. आईने पदर कमरेला खोवला, शिरस्त्राण डोक्यावर ठेवून “हे काय बुट्टी घातल्यासारखं!” म्हणून कुरकुर केली, आणि गाडी ओट्याला लावताच ओट्यावरूनच, एकही पायरी न चढता, ती मागच्या आसनावर बसली. मार्कंडेय नदीचा पूल येईपर्यंत ती काहीच बोलली नाही. पुलावर मात्र तिने माझ्या खांद्यावरचा हात सैल केला व म्हणाली, “जरा हळू घे. नदी बघूया.”