मऊ पाण्यातले मीठ

सोनईत आमच्या घरी वापरायचे पाणी बोअरचे. काळ्या पाषाणातून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येते. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर, न फेसाळणारा साबण, तासभर शिजवूनही बोटचेपी न होणारी तूरडाळ, हे सारे आपल्याही परिचयाचे असेल.

हिवाळ्यात आईच्या पिंढऱ्यांना खाज सुटू लागली. साबणाचा चिकट अंश त्वचेवर राहतो, असे ऐकून मी पाणी मऊ करणारे यंत्र बसवले. कारागिराने ते टाकीच्या तोंडाशीच जोडले. त्यामुळे स्वयंपाकघरातही तेच पाणी येऊ लागले. साबण फेसाळला, खाज कमी झाली, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो.

आईला रक्तदाबाचा विकार. पापड-लोणचे केव्हाच सुटलेले. तरीही पुढील तपासणीत आकडा चढलेला निघाला. कारण एकच होते असे मी म्हणणार नाही, परंतु डॉक्टरांनी विचारले, "घरात नवीन काय आले?" तेव्हा मला यंत्रात महिन्याकाठी ओतले जाणारे मीठ आठवले.

हे यंत्र कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडते. कठीणपणा लिटरमागे 600 मिलिग्रॅम असेल, तर सुमारे 276 मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येते. दिवसाला दोन लिटर प्यायल्यास अर्ध्या ग्रॅमहून अधिक! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात दोन ग्रॅमहून कमी सोडियम सुचवते. चव मात्र फारशी खारट लागत नाही. डाळीत आई चिमूटभर खाण्याचा सोडा टाकत असे. तोही सोडियमचाच, हे कोणाच्या ध्यानात येते?

वाचकहो, आपल्या घरी असे यंत्र असेल, तर पिण्याच्या नळाची जोडणी एकदा अवश्य पाहावी. तुरटीने गढूळपणा जातो, कठीणपणा नव्हे. उकळल्याने त्याचा काही भाग तळाशी बसतो. वरचे पाणी निवळून घ्यावे. आरओ यंत्र सोडियमही बरेचसे काढते, मात्र बरेच पाणी वायाही घालवते.

आम्ही स्वयंपाकघराला यंत्राआधीची वेगळी नळी दिली. स्नानाला मऊ पाणी, अंग पुसताच खोबरेल तेल. डाळ मी रात्रीच उकळून निवळलेल्या पाण्यात भिजत घालतो. आई अजूनही झाकण उचलून सोड्याचा डबा शोधते.